मंदाताईंची मिसिंग मारणारी गाडी

आमच्या धंद्यात 'मिसिंग' हा शब्द निघाला की चहा मागवावा लागतो. 'काका, गाडी मिसिंग मारतेय,' असं म्हणत गिऱ्हाईक आलं, की मी आधी त्याला स्टूल देतो, कारण हे काम लवकर आटपणारं नाही हे मला ठाऊक असतं. पंक्चर डोळ्यांना दिसतं, ब्रेक पायाला कळतो. मिसिंगचं तसं नाही. घरी धुडगूस घालणारं पोर पाहुण्यांसमोर कसं शहाण्यासारखं बसतं, तशी ही गाडी रस्त्यावर आचके देते आणि गॅरेजच्या दारात आली की सुतासारखी सरळ चालते. मग गिऱ्हाईक ओशाळतं. 'आईशप्पथ काका, आत्ता सानपाड्याच्या सिग्नलला थरथरत होती हो,' असं काकुळतीने सांगतं. अशा वेळी मी विश्वास ठेवतो. निदान ठेवायला हवा.

जुईनगरला माझं दोन गाळ्यांचं गॅरेज आहे. आयटीआय करून कराडकडून इथे आलो तेव्हा सोसायट्यांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते. त्याला आता तीस वर्षं उलटून गेली. गुडघे कुरकुरतात, जवळचं दिसायला चष्मा लागतो, पण कान अजून शाबूत आहेत. मेकॅनिकचं अर्धं पोट कानावर चालतं, असं मी अभिमानाने सांगत असे. हल्ली जरा जपून सांगतो. त्याचं कारण पुढे येईलच.

ज्यांनी बॉनेट फक्त दसऱ्याच्या पूजेपुरतं उघडलं आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या पेट्रोल गाडीत चार सिलिंडर असतात. प्रत्येकात पेट्रोल आणि हवा जाते, वरचा प्लग ठिणगी टाकतो, आत छोटासा भडका उडतो आणि त्या धक्क्यावर गाडी पुढे जाते. चौघांनी मिळून कपाट जिन्यातून वर न्यायचं आणि मध्येच एकाने हात सोडायचा, की उरलेल्या तिघांचं जे होतं ते मिसिंग. कपाट पडत नाही, पण हेलकावे खातं आणि सगळ्यांना धाप लागते. आता त्या एकाने हात का सोडला, हे शोधायचं. ठिणगी पडत नाही, पेट्रोल येत नाही, की आत हवाच दाबली जात नाही? प्रश्न तीनच, पण एकेकाच्या पोटात दहा कारणं. त्यातून गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असली तर आधीच्या मालकांनी काय काय करून ठेवलंय ते देवालाच माहीत.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कुणी आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आणतं, त्यात इंजिनापेक्षा बायकोचं बोलणं जास्त ऐकू येतं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ वहीत लिहून आणतात. 'सकाळी आठ वीस, वाशीचा पूल, चौथा गिअर, टुक-टुक असा आवाज.' गॅरेजमध्ये त्यांची चेष्टा व्हायची. पण खरं सांगू का, त्या वहीवरून मी त्यांची गाडी दोनदा दहा मिनिटांत नीट केली आहे. गिऱ्हाइकाला यंत्रातलं कळत नसेल, पण गाडीजवळ रोज तेच असतं, मी नसतो. ही गोष्ट मी हाताखालच्यांना शिकवत आलो आणि मंदाताईंच्या वेळी मीच विसरलो.

मंदाताई उरणकडे जाताना लागणाऱ्या एका गावच्या. पन्नाशीला टेकलेल्या, आवाज खणखणीत. पहाटे मोऱ्याच्या धक्क्यावर होडीवरून उतरणारी मासळी घ्यायची आणि जुईनगरच्या सोसायट्यांच्या गेटवर विकायची, हा त्यांचा धंदा. पूर्वी गावातल्या चार-पाच बायका मिळून टेम्पो करत. टेम्पोवाला त्याच्या मर्जीने यायचा. तोवर बर्फाचं पाणी व्हायचं आणि इकडे गिऱ्हाइकं डबे भरून ऑफिसला निघून गेलेली असायची. या रोजच्या वैतागातून ताई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकल्या आणि त्यांनी बारा वर्षं वापरलेली एक लहान गाडी घेतली. मागची सीट काढून तिथे बर्फाच्या पेट्या बसवल्या. आदल्या रात्री मोबाईलवर ऑर्डरी घ्यायच्या, सकाळी साडेसातला गेटवर हजर. कुणाच्या टेम्पोची वाट बघायची नाही, याचंच त्यांना फार अप्रूप होतं.

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा गाडी खरोखरच मिसिंग मारत होती, माझ्या दारातसुद्धा. प्लग पार झिजले होते. चार नवे बसवले, गाडी खूश, ताई खूश. मी मात्र नाखूश होतो, कारण गाडीला मासळीचा असा काही वास होता की नंतरचं गिऱ्हाईक रुमाल लावून बाहेरच उभं राहिलं. माझ्या गाळ्याबाहेर मोठ्या अक्षरांत पाटी आहे, 'गाडी धुऊन आणावी.' तळोजा एमआयडीसीतून केमिकलच्या धुळीने माखलेल्या गाड्या यायच्या, त्यांच्यासाठी ती लावली होती. मी त्या पाटीकडे बोट दाखवलं आणि जरा घुश्शातच म्हणालो, "ताई, यापुढे धुतल्याशिवाय आणायची नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि निमूट गेल्या.

पंधरा दिवसांनी परत आल्या. सकाळचे अकरा वाजले असतील, विक्री आटोपून सरळ आल्या होत्या. पेट्या सोसायटीच्या नळावर घासूनपुसून ठेवलेल्या, गाडी लखलखीत. मी मनातल्या मनात स्वतःच्या पाटीची पाठ थोपटली.

"मिस्त्री, पहाटे लय हादरते," त्या म्हणाल्या. "गावातून निघाली का तीन-चार किलोमीटर जीवच नाय तिच्यात. मंग हलूहलू सुदरते. आनि धुतली का जास्तच करते, बगा."

"ताई, गाडी काय मांजर आहे, पाण्याला घाबरायला?" मी म्हणालो. गॅरेजमधले सगळे हसले. ताईही हसल्या. पण नंतर त्यांनी पाण्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

मी इंजिन चालू करून कान लावला. चारही सिलिंडर व्यवस्थित. स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या मेंदूला विचारायचं यंत्र. गाडीने आपली जुनी दुखणी नोंदवून ठेवलेली असतात, ती ते वाचून दाखवतं. त्याने सांगितलं, तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर. का, ते सांगितलं नाही. ते कधीच सांगत नाही. प्लगला वीज पुरवते ती कॉइल, म्हणून मी तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर टाकली. खोट कॉइलमध्ये असती तर दुखणं तिच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेलं असतं. हा आमचा जुना आणि बिनचूक डाव.

चार दिवसांनी ताई हजर. दुखणं तिसऱ्यातच. मग मी पेट्रोलचा फवारा मारणारा इंजेक्टर साफ केला, कंप्रेशन, म्हणजे आत हवा नीट दाबली जाते का ते, तपासलं. सगळं ठणठणीत. प्लग काढला तर त्याच्या लोखंडी अंगावर तांबूस गंज दिसला. तीन आठवड्यांपूर्वी बसवलेल्या प्लगला गंज! तिथे मी थांबायला हवं होतं. पण खाडीच्या हवेत राहणाऱ्या माणसाला गंजाचं काही वाटेनासं होतं. आमच्या खिडक्यांचे गज गंजतात, बिजागऱ्या गंजतात, देवघरातली घंटासुद्धा डागाळते. मी गंज पुसला आणि प्लग परत बसवला. इंजिनावरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाचा एक कोपरा तुटलेला होता, बरोबर तिसऱ्या सिलिंडरवरचा. तोही मी पहिल्या दिवसापासून बघत होतो. जुनी गाडी म्हटल्यावर असायचंच, असं म्हणून सोडून दिलं होतं.

त्यानंतर ताईंच्या मुलाचा, रोहनचा, फोन आला. तो तळोज्याला एका कारखान्यात शिफ्टला असतो.

"काका, खरं सांगा. गाडी ठेवण्यासारखी आहे का?"

"का रे, काय झालं?"

"काल पहाटे उरण रोडच्या पुलावर चढताना गाडीने मान टाकली. मागे कंटेनरचा ट्रेलर. त्याने कसाबसा ब्रेक मारला. आई घरी येऊन काही बोलली नाही, तिच्यासोबत दुसऱ्या मावशी होत्या, त्यांनी सांगितलं. मला झोप नाही, काका. तुम्ही आधी कॉइल बोललात, मग इंजेक्टर. रविवारी एक पार्टी गाडी बघायला येतेय. देऊन टाकतो. आई आहे तर गाडी आहे ना?"

तो रविवार साधा नव्हता. गणपती नुकतेच गेले होते. श्रावणापासून सोसलेला उपास सोडायला सगळं जुईनगर त्या रविवारी मासळीवर तुटून पडणार होतं. ताईंकडे कधी नव्हत्या इतक्या ऑर्डरी होत्या. त्याच दिवशी गाडी गेली, की परत टेम्पो, परत वाट बघणं. आणि हे सगळं माझ्या हातून एक मिसिंग सुटत नाही म्हणून. मला स्वतःचा राग आला. सोबत, कबूल करतो, थोडा त्या गाडीचाही आला.

शनिवारी पहाटे पाच वाजता मी स्कूटर काढली आणि ताईंच्या गावी गेलो. तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या दारी मी फक्त बंद पडलेल्या गाड्यांसाठी गेलो होतो. चालणारी गाडी बघायला जाण्याची ही पहिलीच वेळ. ताई अंगणात पेट्यांत बर्फ भरत होत्या.

"अगो बाई, मिस्त्री! तुमी कशाला आलाव?"

"थांबा. चावी मी फिरवतो," मी म्हणालो.

इंजिन चालू झालं आणि अंगभर थरथरलं. इतके दिवस ज्याला शोधत होतो ते समोर उभं होतं. इतका आनंद मला मुलाच्या निकालालाही झाला नसेल. मी एकेका कॉइलची पिन काढत गेलो. पहिली काढली, इंजिन आणखी खचलं. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. दुसरी, तसंच. तिसरी काढली, काहीच फरक नाही. तो आधीच झोपलेला होता. इंजिन बंद केलं, बोल्ट सोडवून तिसरी कॉइल वर ओढली, तर तिच्या टोकावरून पाण्याचे दोन थेंब माझ्या मनगटावर पडले. टॉर्च मारला. प्लग जिथे बसतो तो खोल खड्डा असतो. त्याच्या तळाशी पाणी चमकत होतं.

"ताई, इथे पाणी कुठून आलं?"

"पानी? धुतली ना काल सांजच्याला."

"गाडी धुतली, ठीक आहे. पण इथे, आत?"

"बॉनेट उघरून धुते ना रोज. पाइप लावून." माझा चेहरा बघून त्या जरा चाचरल्या. "तुमीच सांगितलाव धुऊन आना. मंग तुमी पयलं बगता ते बॉनेटच. मना वाटलं, पयलं तेच चकचकीत पायजे."

मी तिथेच अंगणातल्या ओट्यावर बसलो. मासळी विकणारी बाई दिवस संपला की पाट, कोयता, टोपली, सगळं भरपूर पाण्याने धुते. त्यात कुचराई केली तर दुसऱ्या दिवशी धंदा होत नाही. ताईंनी गाडीलाही तोच नियम लावला होता आणि तो लावायला मी भाग पाडलं होतं. संध्याकाळी पाइपचं पाणी झाकणाच्या तुटक्या कोपऱ्यातून तिसऱ्या खड्ड्यात जायचं आणि रात्रभर साचून राहायचं. पहाटे वीज प्लगपर्यंत पोचायच्या आधीच पाण्यातून बाजूच्या लोखंडात पळायची. तीन-चार किलोमीटर गेल्यावर इंजिन तापायचं, पाण्याची वाफ व्हायची, गाडी सुधारायची. माझ्याकडे येईपर्यंत सगळं कोरडं. गाडी दारात येऊन शहाणी का व्हायची, ते आता कळलं. धुतली की जास्त करते, हे या बाईने मला दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं आणि मी मांजराचा विनोद करून चारचौघांत हशा पिकवला होता.

मी ताईंना जसं होतं तसं सांगितलं. त्या आधी हसायला लागल्या, इतक्या की पदराने डोळे पुसले. मग हसू थांबलं.

"म्हंजी गेला महिनाभर मी जीव मुठीत धरून चालवते," त्या म्हणाल्या, "ती तुमच्या पाटीपायी?"

"हो," मी म्हणालो. त्या पुलावरचा ट्रेलर माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

ताई आत जाऊन चहा घेऊन आल्या. मी खड्डा कापडाने टिपला, स्कूटरला बांधून आणलेल्या पंपाने हवा मारून सुकवला. कॉइलचं रबर पाण्याने कडक होऊन चिरलं होतं, ते बदललं. दुपारी गॅरेजमध्ये झाकणही बदलून दिलं. बॉनेटखाली पाइप लावायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, एवढंच सांगितलं. या वेळी का ते समजावून सांगितलं. पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर त्यात दोन मिनिटं गेली असती.

रविवारी सकाळी सात वाजल्यापासून मी सोसायटीच्या गेटवर जाऊन उभा होतो. मासळी घ्यायला आलोय असं दाखवत होतो, हातात पिशवीही होती. पिशव्या घेऊन पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यातली निम्मी माझी गिऱ्हाइकं, बँकेवाले गृहस्थसुद्धा. सव्वासातला ताईंची गाडी वळणावरून आली. मी डोळे मिटून ऐकलं. एक, दोन, तीन, चार. कुणीही हात सोडला नव्हता.

त्यांच्या मागोमाग रोहन मोटरसायकलवरून आला. मागे एक गृहस्थ बसले होते. तीच ती पार्टी. ताई पेट्या उतरवायला लागल्या.

"आज कशी आली?" रोहनने विचारलं.

"कशी म्हंजी? आली तशी."

"आज आली. उद्याचं काय? काय झालं होतं नेमकं?"

"मिस्त्रींना विचार," ताई म्हणाल्या आणि पापलेटं मांडायला वळल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

रोहन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गेटवरची माणसंही जवळ सरकली. माझ्या जिभेवर शब्द तयार होता, 'वायरिंग'. आमच्या धंद्यातला हा फार सोयीचा शब्द. वायरिंग म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही आणि मेकॅनिकची अब्रू झाकली जाते. पण या पोराला माझं कॉइल सांगून झालं होतं, इंजेक्टर सांगून झालं होतं. आता वायरिंग म्हटलं असतं तर त्याने मान हलवली असती आणि चावी त्या गृहस्थांच्या हातात दिली असती. माझी अब्रू राहिली असती आणि ताईंची गाडी गेली असती.

"गाडीत काहीच खराबी नव्हती," मी म्हणालो. "मी यांना गाडी धुऊन आणायला सांगितलं. त्या धुताना पाणी आत जात होतं, त्याने मिसिंग होत होतं. धुतली की जास्त करते, हे तुझ्या आईने मला सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं. चूक माझी होती, रोहन. गाडीची नाही आणि आईची तर मुळीच नाही."

कुणीतरी फस्सकन हसलं. बँकेवाले गृहस्थ खिशातून वही काढायला लागले. रोहन मात्र हसला नाही. तो गाडीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"पुन्हा नाही होणार? गॅरंटी?"

"इंजिनाची आहे," मी म्हणालो. "मेकॅनिकची देत नाही."

तेव्हा तो हसला. पार्टी म्हणून आलेले गृहस्थ विचारू लागले, "मग गाडी द्यायची आहे की नाही?" रोहनने तोंड उघडलं आणि काय वाटलं कोण जाणे, त्याने आईकडे बघितलं. मीही बघितलं. ठेवायची की विकायची हे आम्ही दोघे फोनवर बोलत होतो, आणि जिची गाडी तिला हा प्रश्न दोघांपैकी कुणी विचारलाच नव्हता.

ताईंनी तराजूत सुरमई टाकली आणि आम्हा तिघांना हाताने बाजूला सारलं.

"सरका रे जरा," त्या म्हणाल्या. "लोकं उबी हायत, आनि मना अजून तीन गेटवर जायाचं हाय."